गालिचा उलटा करून पाहिला असता तर

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आम्ही हॉलसाठी एक गालिचा घेतला. करड्या रंगावर फिकट निळी वेलबुट्टी होती आणि हात फिरवला की एका बाजूने गडद, दुसऱ्या बाजूने उजळ अशी रेशमासारखी चमक दिसायची. दुकानदाराने त्याला ‘बांबू सिल्क’ म्हटले, ‘हँडमेड’ म्हटले, आणि पडद्यांशी रंग जुळतो एवढ्यावर आम्ही तो पसंत केला. भाऊबीजेच्या दिवशी भाच्याच्या हातून त्यावर अर्धा कप चहा सांडला. मी लगेच ओल्या फडक्याने पुसून घेतले. चहाचा डाग बराचसा गेला. पण जेवढ्या भागाला पाणी लागले होते तेवढ्या भागात पिवळट वर्तुळ उमटले आणि तिथली लव एकमेकींना चिकटून ताठ झाली. पुढे वर्ष-दीड वर्षात निराळाच प्रकार सुरू झाला. गालिचा उचलून फरशी झाडताना खाली रांगोळीसारखी बारीक भुकटी सापडू लागली, आणि पावसाळ्यात त्याला जुन्या रबराचा वास येऊ लागला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, हा गालिचा आतून झडतोय.” ते अक्षरशः खरे होते.

दुकानदार खोटे बोलला असे मला म्हणता येणार नाही; तो अर्धेच बोलला आणि उरलेले अर्धे आम्ही विचारले नाही. ‘बांबू सिल्क’मध्ये रेशीम नसते. तो व्हिस्कोस असतो, म्हणजे बांबूच्या किंवा लाकडाच्या लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेने काढलेला धागा. तो दिसायला देखणा असतो, पण भिजला की कमकुवत होतो आणि साध्या पाण्याचाही डाग धरतो. ‘हँडमेड’ हा शब्दही असाच फसवा आहे. हाताने गाठी मारून विणलेला गालिचा वेगळा आणि ‘हँड टफ्टेड’ गालिचा वेगळा. दुसऱ्या प्रकारात ताणून बसवलेल्या कापडात पिस्तुलासारख्या यंत्राने धागे टोचत जातात. त्या धाग्यांना एकही गाठ नसते, त्यामुळे ते निसटू नयेत म्हणून मागून लॅटेक्सचा, म्हणजे रबरी चिकाचा थर देतात आणि त्यावर आणखी एक कापड चिकटवतात. यंत्र माणसाच्याच हातात असते, म्हणून तोही ‘हँडमेड’. काही वर्षांत ते लॅटेक्स सुकते, तडकते आणि भुकटी होऊन गळू लागते. आमच्या फरशीवरची रांगोळी ती हीच.

तेव्हापासून मी कोणाबरोबर गालिचा पाहायला गेले की आधी त्याचा कोपरा उलटा करते. पाठीवर सलग कापड चिकटवलेले असेल तर तो बहुधा टफ्टेड. पाठीवरही पुढच्यासारखीच नक्षी स्पष्ट दिसत असेल आणि जवळून पाहिल्यावर एकेक गाठ लहानशा दाण्यासारखी वेगळी मोजता येत असेल, तर तो हातविणीचा. त्याच्या ओळी किंचित वाकड्या असतात, कुठे एखादी गाठ जाडसर आलेली असते. यंत्रावरच्या विणीत सगळे आखल्यासारखे एकसारखे दिसते. मग दोन्ही टोकांच्या झालरी पाहाव्यात. हातविणीच्या गालिच्यात झालर म्हणजे ताण्याचेच, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचेच उरलेले दोरे असतात, ते गालिच्याच्या अंगातून बाहेर आलेले दिसतात. टफ्टेड किंवा यंत्राच्या गालिच्याला झालर असलीच तर ती बहुधा मागाहून शिवलेली असते आणि शिलाई लगेच कळते.

गाठींच्या संख्येचे कौतुक मात्र दुकानात जरा जास्तच होते. पाच बाय सात फुटांच्या गालिच्यात, चौरस इंचाला 60 गाठी धरल्या तरी एकूण गाठी 3 लाखांच्या वर जातात. काश्मीरचा रेशमी गालिचा 324 गाठींचा असेल तर त्याच मापात 16 लाखांहून अधिक. काश्मिरी विणकर ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिलेली नक्षी वाचत, रंगारंगाने या गाठी मारत जातात, हे आठवले की किमतीवर कुरकुर करवत नाही. पण एवढी बारीक वीण नक्षीतली पाकळी न् पाकळी दिसावी यासाठी असते. रोज मुलांनी उड्या मारायच्या हॉलमध्ये तिचा उपयोग नाही. भदोहीचा 60 ते 100 गाठींचा, जाड लोकरीचा गालिचा तिथे जास्त टिकतो, पायांनाही बरा वाटतो आणि किंमतही आवाक्यात राहते. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यातल्या हातविणीच्या गालिच्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, काश्मीरच्या गालिच्यांनाही आहे. या धंद्यात मुलांना मागावर बसवण्याचा जुना कलंक आहे. तो पुसण्यासाठी बालमजुरीविरुद्ध लढणारे कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने 1994 मध्ये ‘रगमार्क’ ही खूण सुरू झाली. आज ती ‘गुडवीव्ह’ या नावाने ओळखली जाते. महागडा गालिचा घेणाऱ्याने ती विचारावी. दुकानदाराला वाईट वाटले तरी चालेल.

धागा कोणता, हा प्रश्न आपल्याकडे थोडा वेगळा सोडवावा लागतो. परदेशी मासिकांतले सल्ले बूट घालून वावरणाऱ्या, कोरड्या आणि थंड घरांसाठी लिहिलेले असतात. आपण घरात अनवाणी असतो, सोफा असूनही त्याला पाठ टेकून खालीच बसतो, आणि बाहेरून आल्यावर पाय धुऊन ओल्या पावलांनी थेट हॉलमध्ये येतो. तागाचा गालिचा छायाचित्रात सुंदर दिसतो, पण तो खरखरीत असतो, पाणी लागले की डागाळतो आणि जुलैत त्याला बुरशी धरते. कोकणात तर त्याचा विचारही करू नये. लोकरीत मुळात थोडा चिकटा असतो, त्यामुळे सांडलेले पाणी क्षणभर वर थेंब होऊन थांबते आणि फडके आणायला वेळ मिळतो. नवी लोकर पहिले काही महिने केसाळ गोळे टाकत राहते. तो दोष नव्हे. कसर मात्र लोकरीला लागते, आणि तीही सोफ्याखालच्या, न झाडल्या जाणाऱ्या भागात आधी.

पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या धाग्याच्या गालिच्यांना नाके मुरडण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. भाड्याचे घर असेल, रांगते मूल असेल, तर गच्चीवर नेऊन नळीच्या पाण्याने धुता येणारा स्वस्त गालिचा हाच शहाणपणाचा. त्याची लव लवकर बसते, तेलकट डाग त्याला सोडत नाहीत आणि उदबत्तीचा निखारा पडला तर तिथे वितळून कडक खडा होतो, एवढे लक्षात ठेवून घ्यावा. शंका असेल तर दुकानदाराकडे सुट्या धाग्याचा तुकडा मागून बाहेर काडीने पेटवून पाहावा. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरगळते. कृत्रिम धाग्याचा वितळून मणी होतो. व्हिस्कोस कागदासारखा भुर्रकन जळतो. तुकडा द्यायला जो तयार होत नाही, त्याच्याकडून मी ‘सिल्क’ म्हणून काही घेणार नाही.

मापाबाबत थोडक्यात सांगते. जमिनीवर वर्तमानपत्रे जोडून तेवढा आकार दोन दिवस पसरून ठेवावा. सोफ्याचे निदान पुढचे पाय गालिच्यावर यावेत, नाहीतर तो खोलीच्या मधोमध तरंगत राहतो. दार त्यावरून विनाअडथळा उघडते का, हे आधी पाहावे. व्हिट्रिफाइड टाइल्सवर खाली न घसरणारी जाळी हवीच, आणि घरात वयस्कर माणसे असतील तर जाड, उचललेल्या कडेचा गालिचा नकोच. जेवणाच्या टेबलाखाली घालायचा असेल तर खुर्ची मागे ओढल्यावरही तिचे पाय गालिच्यावर राहावेत म्हणून टेबलाच्या चारही बाजूंना दोन-दोन फूट जास्त धरावे लागतात. आमच्या घरात वरण-भात खाणारी माणसे आहेत, त्यामुळे हा प्रश्न मी सोडूनच दिला.

गेल्या वर्षी जुना गालिचा भंगारवाला फुकटही नेईना, शेवटी तो कापून पायपुसणी करायचा प्रयत्न केला, तर कात्री लावताच लव सुटून हातात आली. आता हॉलमध्ये लाल काठाचा, गडद निळा लोकरीचा गालिचा आहे. तो घेताना सासूबाईंनी दुकानातच खाली बसून, चष्मा लावून, पाठीवरच्या एका इंचातल्या आडव्या गाठी मोजल्या. आठ भरल्या. मग उभ्या मोजल्या, त्याही आठच. “चौसष्ट,” त्या म्हणाल्या, आणि दुकानदाराने ऐंशी सांगितले होते म्हणून किंमत उतरवून घेतली.

मृगाचा पाऊस लागायच्या आधी एका कडक उन्हाच्या दिवशी तो झाडून, घडी न घालता गुंडाळून, सुती चादरीत बांधून आतल्या खोलीच्या फडताळावर जातो. प्लॅस्टिकमध्ये बांधला तर आत दमट राहतो, म्हणून चादर. गुंडाळीत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकतो. मग दसऱ्यापर्यंत हॉलमध्ये साधी सुती सतरंजी असते. ती भिजते, वाळते, धुतली जाते, आणि तिच्यावर चहा सांडला तर कोणी जागचे उठतही नाही.