बत्तीस तारा, सतरा दाते

सायकलच्या मागच्या चाकाची पहिली तार तुटली ती पुण्यात, नळ स्टॉपच्या जरा अलीकडे. फार मोठा आवाज नाही होत. नुसतं 'टण्' झालं आणि मग तुटलेलं टोक दर फेऱ्याला फ्रेमवर टिकटिक आपटायला लागलं. साध्या सायकलवर पाय थांबवून बाजूला घेता येतं. माझी फिक्स्ड गियरची. तिला फ्रीव्हीलच (पाय थांबले तरी चाक फिरू देणारी चकती) नसतं, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार. पायांनी ते रोखून मी उतरेपर्यंत ती तार शेजारणीला गुंडाळली गेली होती, आणि चाक इतकं आउट, म्हणजे वाकडं, झालं होतं की टायर फ्रेमला घासत होता. पाठीवर पाचवी 'ब'च्या बेचाळीस वह्या. पुढची वाट चालत.

ती चाकं मी हौसेनं घेतली होती. जुनी, पण दिसायला काय! चाळीस मिलीमीटर उंचीची लालभडक रिम आणि चोवीसच तारा. पुढच्या दोन महिन्यांत मागच्या चाकाच्या आणखी तीन तारा तुटल्या, प्रत्येक वेळी हबजवळच्या (हब म्हणजे चाकाचा मधला तुंबा) वाकणातच. रिमला मात्र ओरखडासुद्धा नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं.

नारायण पेठेत आमचे एक मिस्त्रीकाका आहेत. त्यांनी चाक स्टँडवर लावलं आणि दोन-दोन तारा चिमटीत दाबत एक फेरी पुरी केली. "मॅडम, ही ताणलेली. ही बोलतच नाही. ही पण नाही. दूधवाल्याच्या सायकलला पुढे बत्तीस आणि मागे चाळीस तारा असतात, त्या काय शोभेला?"

तारा जास्त ताणल्या म्हणून तुटतात, अशी माझी समजूत होती. उलटं आहे. चाकावर वजन आलं की जमिनीकडच्या तारांचा ताण क्षणभर कमी होतो आणि त्या वर गेल्या की पुन्हा येतो. मुळात ताण भरपूर असेल तर या कमी-जास्त होण्यानं बिघडत नाही. तार ढिली असेल तर ती त्या क्षणी पूर्ण सैल पडते, वाकणात हलते आणि तिथेच थकून तुटते. मी हिशेब मांडला (सवय!). कर्वेनगर ते शिवाजीनगर जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. 28 मिलीमीटरच्या टायरसकट चाकाचा परीघ साधारण 2.14 मीटर. म्हणजे दिवसाला साडेसहा हजार फेरे. शाळेचे अडीचशे दिवस धरले तर वर्षाला प्रत्येक तार सोळा लाख वेळा सैल-घट्ट होते. मग तिनं तुटू नये तर काय करावं?

त्यातून फिक्स्डवर मागच्या हबला दोन्हीकडून पीळ बसतो. पेडल मारताना पुढे, पायांनी रोखताना मागे. म्हणून मागच्या चाकाच्या तारा हबमधून सरळ रिमकडे नेऊन चालत नाही, तिरप्याच हव्यात. माझ्या आताच्या चाकात प्रत्येक तार रिमपर्यंत जाताना तीन तारांना ओलांडते. ही जुनीच वीण आहे, दूधवाल्याचीच म्हणा.

पण या सायकलचं एक सुख गियरवाल्यांना नाही. त्यांच्या मागच्या हबवर उजवीकडे आठ-दहा दातेरी चकत्या बसवायच्या म्हणून उजव्या तारा जवळजवळ उभ्या आणि करकचून, तर डाव्या तिरप्या आणि सैलसर असतात. आमच्या हबवर एकच चकती. दोन्ही बाजू सारख्या, ताणही सारखा. बत्तीस तारांचं असं चाक माझ्या साठ किलो अधिक वह्यांना पुरतं. वजन नव्वदच्या वर असेल किंवा कॅरियरवर सामान टाकायचं असेल तर मी मागे छत्तीस घेईन. चोवीसचं चाक ज्याला लखलाभ त्याला.

हब निवडताना मी बेअरिंगच्या आधी आटे बघते, कारण तिथे एकदा पोळले आहे. फ्रीव्हीलचे आणि फिक्स्ड चकतीचे आटे एकाच मापाचे असतात, त्यामुळे साध्या हबवर फिक्स्ड चकती मजेत बसते. बसते आणि फसवते. खऱ्या फिक्स्ड हबवर तिच्या बाहेर आणखी एक आटा असतो, उलट्या फिरकीचा. त्यावर लॉकरिंग, म्हणजे चकतीला धरून ठेवणारं कडं, बसतं. तुम्ही पायांनी चाक रोखता तेव्हा चकती सुटू बघते आणि लॉकरिंग आणखी आवळतं. माझ्या पहिल्या सायकलला ते नव्हतं. म्हात्रे पुलाकडे जाताना पाय रोखले, चकती गरकन सुटली आणि पाय हवेत. पुढचा ब्रेक होता म्हणून आज लिहितेय. ब्रेकशिवाय फिक्स्ड चालवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांच्या आयांनी घालावा.

नवी चाकं बांधून घेतली. तैवानी फॉर्म्युला हब, मागे 120 मिलीमीटर रुंदीचा, सीलबंद बेअरिंगचा. दुहेरी भिंतीची साधी चंदेरी रिम. तारा स्टीलच्या, दोन्ही टोकांना दोन मिलीमीटर आणि मध्ये 1.8. या कमरेत बारीक तारा बघून काकांनी नाक मुरडलं. पण मधला बारीक भाग जरा ताणतो आणि वाकणाचा त्रास कमी करतो, हे सांगितल्यावर "बघू" म्हणाले. निपल (तार रिमला आवळणारी छोटी नटं) पितळी, ॲल्युमिनियमची हलकी मिळतात, पण पावसाळ्यात गंजून तारेला चिकटतात. काकांनी चाक बांधलं, आउट काढला, मग आडवं ठेवून दोन्ही हातांनी कडेनं दाबलं. तडतड आवाज आला. पीळ बसलेल्या तारा मोकळ्या होत होत्या. पुन्हा आउट काढला. मजुरी दोन्हींची मिळून सहाशे. महिन्याभरानं परत बोलावलं आणि पाव-पाव फेरा फिरवून दिला. तेव्हापासून पाना लागलेला नाही.

खरा फरक टायरनं पडला, हे मात्र मान्य करते. खड्डा दिसला की बाकीचे पेडल सपाट धरून सीटवरून अलगद उठतात. आमचे पाय फिरतच असतात, त्यामुळे खचलेल्या ड्रेनेजच्या झाकणाचा दणका थेट चाकाला. पूर्वी 23 मिलीमीटरचा टायर ठणठणीत फुगवून चालवायचे आणि ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडायची. पुढे 28 घेतला, आता 32 आहे, त्यात हवेचा दाब 65 पीएसआय. नवी फ्रेम घेणाऱ्यानं हा टायर तिच्यात मावतो का, ते आधी बघावं, रंग नंतर.

आणि मसावि! पुढे 48 आणि मागे 16 दाते होते तेव्हा टायर एकाच जागी झिजून दोरे दिसायला लागले. पाय आडवे ठेवून चाक घसरवलं की दर वेळी टायरची तीच जागा रस्त्यावर यायची. 48 आणि 16 चा मसावि 16. सोळाला सोळानं भागलं की उरली जागा एक. मागे 17 दात्यांची चकती घातली. मसावि 1, जागा सतरा. एका दातानं चढही हलका झाला. पाचवी 'ब'ला हे फळ्यावर दाखवलं, तर पहिला प्रश्न आला, "मॅडम, मग सायकल मागे पण जाते का?" जाते. मधल्या सुट्टीत जाऊन दाखवली.

तीन पावसाळे झाले. तार एकही तुटलेली नाही. पुढची रिम मात्र ब्रेकच्या रबरात अडकलेल्या वाळूनं खाल्लीय. झीज ओळखायची खाच जवळपास पुसली गेली. त्याच मापाची रिम आणून ठेवलीय. काका ती जुन्या रिमला चिकटपट्टीनं बांधून एकेक तार उचलून पलीकडे नेणार आहेत. रविवारी सकाळी बोलावलंय, म्हणाले, "तारा टाकायच्या नाहीत."