प्रेमपत्र तिचं, अक्षर कारकुनाचं

आमचं काम म्हणजे जुन्या पत्रांच्या स्कॅन्सना टॅग लावणं. सॉफ्टवेअर अक्षर बघून गठ्ठे पाडतं आणि मग आम्ही बसून तपासतो. त्या दिवशी आली पास्टन घराण्याची पत्रं, म्हणजे इंग्लंडमधल्या नॉरफोकचे जमीनदार, 15वं शतक. मार्गारेट पास्टन या एकाच बाईची शंभरावर पत्रं, आणि ती सॉफ्टवेअरने दोन डझनांपेक्षा जास्त गठ्ठ्यांत टाकलेली. टीममधला एकजण म्हणाला, सिस्टीम गंडलीये, तक्रारीचं तिकीट टाक. पण सिस्टीम बरोबर होती, कारण बाई स्वतः लिहितच नव्हती, जो हाताशी असेल त्याला बसवायची, घरचा पाद्री ग्लॉइस नाहीतर पोटचा मुलगा, आणि सांगायची लिही. 1448 मध्ये शत्रूची माणसं यांची हवेली बळकावून बसलीयेत आणि ही नवऱ्याला कळवते की क्रॉसबो आणा, आणि त्याच दमात एक पौंड बदाम आणि एक पौंड साखरही!

त्या काळात वाचता येणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. लिहिणं कारकुनाचं काम, बडे सरदारसुद्धा सेक्रेटरी ठेवायचे आणि स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या तर समोरच्याचा मोठा मान.

पण आम्ही उडालो ते पुढच्या गठ्ठ्याला. त्यात मार्जरी ब्रूजचं 1477 चं पत्र, तेच ते प्रसिद्ध व्हॅलेंटाइन प्रेमपत्र, होणाऱ्या नवऱ्याला म्हणजे मार्गारेटच्या मुलाला, जॉन पास्टनला लिहिलेलं. आणि त्याच गठ्ठ्यात थॉमस केलाचं पत्र, हा तिच्या वडिलांचा कारकून, त्याच जॉनला स्वतःच्या नावाने लग्नाच्या बोलणीबद्दल लिहितोय. दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून झूम केले तर वळण डिट्टो तेच. आणि मजा म्हणजे मार्जरी शेवटी विनवते की हे पत्र तुझ्याशिवाय या पृथ्वीवर कोणाच्याही नजरेला पडू नये. अगं बाई, केलासाहेब तिथेच बसलेत ना टाक घेऊन!

बरं, केलाला ती परकाच समजत नसेल, कारण पुढच्या पत्रात वडील 100 पौंड आणि 50 मार्कांपुढे (मार्क म्हणजे तेव्हाचं पैसे मोजायचं एकक) हुंडा द्यायला तयार नाहीत हेही ती त्याच्याच हातून लिहून घेते. (लग्न झालं, त्याच वर्षी.)

टीम लीडला विचारलं की 'लेखक' कॉलममध्ये कोणाचं नाव टाकू. बराच वाद झाला, शेवटी दोन कॉलम केले, एक 'कोणाचं पत्र' आणि दुसरा 'कोणाचा हात', आणि मार्गारेटचे सगळे गठ्ठे परत उघडायला लागले.