जादा कामाचे बिल आणि अपील

बुधवार, रात्र.

निकालाची नक्कल आज हाती आली. शेवटच्या पानामागच्या शिक्क्यात नक्कलेसाठी अर्ज केल्याची, ती तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखा शाईने भरलेल्या आहेत, आणि वकीलसाहेबांनी निकालाआधी त्याच वाचल्या. जिल्हा न्यायालयात अपील करण्यास हुकूमनाम्याच्या तारखेपासून 30 दिवसांची मुदत असते. नक्कल मिळण्यात गेलेला काळ तीतून वगळतात, आणि त्याचा आधार हा शिक्काच.

एका दवाखान्याच्या फर्निचरचा लेखी करार होता व त्याचे पैसे मला पोचले. काम चालू असताना मालकांनी तोंडी सांगून करून घेतलेली औषधांची कपाटे, काउंटर आणि एक पार्टिशन यांचे बिल मात्र अडले. जादा कामाचा करार वादीने शाबीत केलेला नाही, सबब दावा खर्चासह नामंजूर, असा निकाल आहे.

माझ्या उलटतपासणीतले वाक्य त्यात जसेच्या तसे उतरवले आहे: “हे म्हणणे खरे आहे की, जादा कामाबाबत माझ्याकडे लेखी आदेश नाही.” नाहीच, चालू कामात एक कपाट वाढवायला सांगताना स्टॅम्प पेपर कोण काढतो? परंतु मालकांच्या उलटतपासणीतही “हे म्हणणे खरे आहे की, सदर कपाटे व काउंटर आजही वापरात आहेत” अशी कबुली नोंदलेली आहे आणि तिचा निकालात कोठेही विचार झालेला नाही. माझ्या मते अपील याच ओळीवर उभे राहायला हवे.

1872 च्या करार कायद्याचे कलम 70 असे सांगते की, फुकट करण्याचा इरादा नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई दिली पाहिजे. बंगालमधील बी. के. मंडल या ठेकेदार पेढीने सरकारी पुरवठा खात्यासाठी केलेल्या बांधकामाचा करार विधिवत झालेला नसतानाही, 1962 साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने तिला याच कलमाखाली पैसे मिळण्याचा हक्क मान्य केला. दाव्यात कलमाचा आकडा नाही, पण हकीकत सगळी आहे, तेवढ्यावर हा मुद्दा घेता येईल, असे वकीलसाहेब म्हणाले. लेखी करार असताना कलम 70 लागू होत नाही, असे समोरचे वकील म्हणतीलच. मात्र आमच्या करारात जादा कामाविषयी अवाक्षर नाही.

खरी काळजी रकमेची आहे. या कलमाखाली मिळते ती वाजवी भरपाई, बिलात मी लावलेला दर नव्हे, आणि अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत. प्लायवुडची खरेदी बिले व मजुरांची हजेरीवही यांवर निशाणी क्रमांक, म्हणजे पुराव्यात घेतलेल्या कागदावर कोर्ट टाकते तो क्रमांक, पडलेले आहेत, तेव्हा जे सिद्ध करायचे ते त्यांतूनच. पुढच्या दुसऱ्या अपिलात कायद्याचाच महत्त्वाचा प्रश्न लागतो. त्यामुळे हजेरीवहीतले आकडे तपासून घेण्याची जागा हीच. उद्या दुपारपर्यंत कपाटांची मजुरी वेगळी काढून वकीलसाहेबांकडे द्यायची आहे.