कॅलिफोर्निया झेफरने शिकागो ते एमरीव्हिल: प्रवास आणि हमखास होणाऱ्या चुका

दुपारी दोनच्या सुमारास शिकागोच्या युनियन स्टेशनातून ५ नंबरची गाडी, म्हणजे कॅलिफोर्निया झेफर, सुटते आणि वेळापत्रक पाळलं, तर तिसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर कॅलिफोर्नियात एमरीव्हिलला पोहोचते. मध्ये २,४३८ मैल, म्हणजे जवळजवळ ३,९२४ किलोमीटर, सात राज्यं आणि दोन रात्री. या गाडीत होणाऱ्या बहुतेक चुका त्या 'तर'कडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात, म्हणून आधी उशिराबद्दल.

ॲमट्रॅकची, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेची, ही गाडी धावते दुसऱ्यांच्या रुळांवर. डेन्व्हरपर्यंत बीएनएसएफचे रूळ, तिथून पुढे युनियन पॅसिफिकचे, आणि दोन्ही कंपन्यांचा धंदा मालवाहतुकीचा. प्रवासी गाडीला आधी वाट द्यावी असा कायदा आहे. पण एकेरी मार्गावर समोरून येणारी मालगाडी बाजूच्या लूपपेक्षा, म्हणजे वाट देण्यासाठी टाकलेल्या जोडरुळापेक्षा, लांब असेल, तर ती लूपमध्ये शिरणार कशी? मग लूपमध्ये उभी राहते ती झेफर. उन्हाळ्यात रूळ तापले की वेगमर्यादा खाली येते, दऱ्यांमधून दरडींची भीती असते. शिवाय गाडी चालवणाऱ्यांचे कायद्याने ठरलेले बारा तास भरले, की बदली माणसं येईपर्यंत गाडी असेल तिथे थांबते, मग ते माळरान का असेना.

त्यामुळे पोहोचण्याच्या दिवशीचं विमान काढू नका. मध्ये एक रात्र ठेवा. पुढे दुसरी ट्रेन धरायची असेल तर दोन्ही प्रवास एकाच आरक्षणात घ्या. मग पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर पुढची सोय लावून देणं हे रेल्वेचं काम असतं. दोन वेगळी आरक्षणं केलीत तर ते तुमचं काम.

मधल्या स्टेशनवरून चढणाऱ्यांची चूक नेमकी उलटी असते. ॲपवर गाडी दोन तास उशिरा दिसते, म्हणून तेही निवांत दोन तास उशिरा निघतात. वेळापत्रकात काही स्टेशनांच्या आधी जादा मिनिटं मुद्दाम टाकलेली असतात आणि गाडी तिथे बराच उशीर भरून काढते. ॲपवरचा अंदाज अर्ध्या तासात बदलतो, स्टेशन सोडून गेलेली गाडी परत येत नाही.

आता तिकीट. भाडं मागणीप्रमाणे वरखाली होतं, स्वस्त जागा आधी संपतात, आणि खासगी खोल्यांना उन्हाळ्यात फार मागणी असते. दोन पर्याय लोक पाहतात: कोच, म्हणजे मागे रेलणारी खुर्ची, किंवा रूमेट. 'रूमेट म्हणजे छोटी खोली' हे ऐकून जाणारे दारातच थबकतात. आतली जागा साडेतीन फूट बाय सहा फूट आठ इंच. समोरासमोर दोन खुर्च्या, रात्री त्याच ओढून खालचा बेड होतो, वरचा छताजवळून खाली येतो. खालचा २ फूट ४ इंच रुंद, वरचा अवघा २ फूट आणि त्याला खिडकी नाही. वरच्या बेडला पडू नये म्हणून पट्ट्यांची जाळी असते, तिचे हूक छतात अडकवायचे. 'मी काही झोपेत लोळत नाही' म्हणून ती न लावता झोपू नका, कारण रात्री वळणांवर लोळतो तो डबा. दोन धिप्पाड माणसांनी एक रूमेट घेऊ नये, आणि गुडघेदुखी असलेल्याला वर पाठवू नये. रूमेटमध्ये संडास नाही. स्वतःचा संडास आणि शॉवर हवा असेल तर 'बेडरूम' घ्यावी लागते, तिचं भाडंही तसंच असतं.

डबे दुमजली आहेत. २ ते १० नंबरच्या रूमेट वर, ११ ते १४ खाली. वरच्यांपैकी ९ आणि १० डब्याच्या टोकाला, चाकांवर येतात, तिथे खडखडाट जास्त. मधल्या, जिन्याजवळच्या खोल्या बऱ्या. खालच्या मजल्यावर डुलणं कमी आणि वर्दळही कमी, कारण एका डब्यातून दुसऱ्यात जाता येतं ते फक्त वरून. झोप महत्त्वाची असेल तर खाली, खिडकी महत्त्वाची असेल तर वर.

सामानाची चूक जवळपास प्रत्येकाची होते. मोठी बॅग रूमेटमध्ये मावत नाही, ती खालच्या मजल्यावरच्या रॅकवर राहते. म्हणून रात्रीपुरती एक लहान पिशवी वेगळी भरा: औषधं, दात घासायचं सामान, एक गरम कपडा, चार्जर. आरक्षणासोबत दोन बॅगा प्रत्येकी ५० पौंडांपर्यंत फुकट चेक-इन करता येतात. मात्र त्या गाडी सुटण्याच्या निदान ४५ मिनिटं आधी द्याव्या लागतात, आणि ही सोय प्रत्येक स्टेशनवर नसते. तुम्ही उतरणार त्या स्टेशनवर ती आहे का, हे तिकीट काढतानाच बघा. ग्रीन रिव्हर, हेल्पर यांसारख्या स्टेशनांवर कर्मचारीच नसतात. रूमेटमध्ये प्लगची जागा एकच असते. दोघं असाल तर लहान एक्स्टेंशन बोर्ड न्या.

कोचमध्ये चढताना कर्मचारी जागा नेमून देतात आणि तुमच्या खुर्चीच्या वर एक कागदाची चिठ्ठी खोचतात. तिच्यावर तुमच्या उतरायच्या स्टेशनचा तीन अक्षरी कोड असतो. या चिठ्ठीकडे कुणी लक्ष देत नाही, पण रात्री तीनला कुणाला उठवायचं हे कर्मचारी तिच्यावरून ठरवतात. जागा बदललीत तर आधी विचारा आणि चिठ्ठी सोबत न्या. ती मागे राहिली, तर तुमची नवी जागा त्यांच्या दृष्टीने रिकामी आणि तुम्ही सॉल्ट लेकला उतरायचे ते नेव्हाडात जागे होता. कोचमध्ये पांघरूण-उशी मिळत नाही आणि रात्री एसी चांगलाच बोचतो. भर जुलैतही शाल किंवा पातळ ब्लँकेट हवंच.

पहिली दुपार सपाट मक्याच्या शेतांची. गेल्सबर्गनंतर बर्लिंग्टनला मिसिसिपी ओलांडतात, तेवढ्यासाठी पुस्तकातून डोकं वर काढा. याच वेळात डायनिंग कारचे कर्मचारी जेवणाच्या वेळा लिहून घ्यायला फिरतात. तेव्हा तुम्ही फिरायला गेलेले असाल तर उरलेली वेळ पदरात पडते. खासगी खोलीच्या भाड्यात जेवण धरलेलं असतं, टीप नाही. टेबल चौघांचं असतं आणि एकट्या-दुकट्याला अनोळखी लोकांबरोबर बसवतात, त्याला नकार द्यायची पद्धत नाही. व्हीगन किंवा कोशर (ज्यू धर्मनियमांप्रमाणे केलेलं) असं खास जेवण हवं असेल तर किमान ७२ तास आधी कळवावं लागतं, गाडीत बसल्यावर सांगून काही होत नाही. लाउंजच्या डब्यात खालच्या मजल्यावरचा कॅफे सगळ्यांसाठी असतो, पण तिथला माणूसही जेवायला आणि झोपायला जातो. दोन दिवसांचं सुकं खाणं आणि माणशी दोनेक लिटर पाणी जवळ असलं की त्याच्या वेळांवर अवलंबून राहावं लागत नाही.

रात्री ओमाहा, लिंकन. नेब्रास्का संपता संपता घड्याळ एक तास मागे जातं, आणि यूटामधून नेव्हाडात शिरताना आणखी एक तास. वेळापत्रकातली प्रत्येक वेळ त्या-त्या स्टेशनची स्थानिक असते. फोन वेळ आपोआप बदलतो, पण सिग्नल असेल तेव्हाच. माळावर आणि दऱ्यांमध्ये तासन् तास सिग्नल नसतो, मग फोन जुनीच वेळ दाखवत राहतो आणि रेंज आली की अचानक उडी मारतो. पहाटे उतरायचं असेल तर गजर फोनवर न लावता साध्या हातघड्याळावर लावा, आणि झोपण्याआधी स्थानिक वेळ अटेंडंटला विचारून घ्या. याच कारणाने वाय-फायवर काम करायचा बेतही आखू नका. तिकिटं, नकाशे, वाचायचं ते सगळं शिकागोतच फोनवर उतरवून घ्या.

डेन्व्हर सकाळी सातच्या आसपास येतं. गाडी इथे सगळ्यात जास्त वेळ थांबते, लोक कॉफीसाठी बाहेर पसरतात, आणि या प्रवासातली सगळ्यात महागडी चूक इथेच होते. कारण पुढचे आठ-नऊ तास ज्यासाठी लोक ही गाडी धरतात ते असतात, आणि काचा छतापर्यंत वळलेल्या साइटसीअर लाउंजमधल्या खुर्च्या आरक्षित नसतात. गाडी हलण्याआधी नाश्ता उरकून तिथे बसा. दोन-तीन तासांनी जागा दुसऱ्याला द्या, हेही आलंच. खुर्चीवर जॅकेट टाकून जेवायला जाणाऱ्यांकडे डबाभर लोक कसे बघतात ते पाहण्यासारखं असतं.

डेन्व्हर सुटलं की चढ लगेच सुरू. बिग टेन नावाच्या मोठ्या वळणावर आतल्या बाजूच्या रुळावर वाळू भरलेल्या जुन्या हॉपर वॅगनांची रांग उभी दिसते. ती मालगाडी थांबलेली नाही. त्या वॅगना तिथे कायमच्या ठेवल्या आहेत, डोंगरावरून येणाऱ्या जोरदार वाऱ्याला आडोसा म्हणून. पुढे बोगद्यांमागून बोगदे, आणि शेवटी १९२८ मध्ये सुरू झालेला ६.२ मैलांचा मोफाट बोगदा, समुद्रसपाटीपासून सुमारे ९,२०० फुटांवर. आत साधारण दहा मिनिटं लागतात. इंजिनाचा धूर डब्यांत शिरू नये म्हणून तेवढ्या वेळात एका डब्यातून दुसऱ्यात जाऊ नका अशी घोषणा होते, ती पाळा. या उंचीवर काहींचं डोकं दुखतं, ओठ सुकतात. घोट घोट पाणी पीत राहा आणि दारू जपून. स्वतःची आणलेली दारू फक्त खासगी खोलीत चालते, लाउंजमध्ये किंवा कोचमध्ये काढलीत तर कंडक्टर उतरवूही शकतो.

बोगद्यापलीकडे काही वेळाने कोलोरॅडो नदी भेटते आणि संध्याकाळपर्यंत साथ देते. गोअर कॅन्यनमध्ये नदी डावीकडे, ग्लेनवुड कॅन्यनमध्ये उजवीकडे. 'कुठली बाजू चांगली' याचं एकच उत्तर शोधत बसण्यात म्हणून अर्थ नाही. नदीतले राफ्टिंग करणारे गाडी दिसली की पाठ फिरवून चड्डी खाली ओढतात, ही इथली जुनी परंपरा. मुलं सोबत असतील तर उत्तर तयार ठेवा.

ग्रँड जंक्शन दुपारी चारच्या सुमारास. पाय मोकळे करायला उतरा, पण थांबा किती मिनिटांचा ते कंडक्टरकडून ऐकूनच. गाडी उशिरा असेल तर वीस मिनिटांचा थांबा पाच मिनिटांवर येतो. निघताना इंजिन दोन भोंगे देतं, कुणाला शोधत बसत नाही. आपल्या डब्याच्या दारापासून फार लांब जाऊ नका, आणि उतरताना फोन, पाकीट, औषधं अंगावर असू द्या. पुढे रुबी कॅन्यनमध्ये कोलोरॅडो-यूटाची सीमा खडकावर रंगवलेली दिसते. हिवाळ्यात इथेच अंधार पडतो, आणि गाडी दोन-तीन तास उशिरा असेल तर हा भाग काळोखात जातो. दृश्यांसाठी जाणाऱ्यांनी मोठे दिवस निवडावेत, साधारण मे ते ऑगस्ट.

सॉल्ट लेक सिटी रात्री अकराच्या सुमारास येतं. रात्री दहा ते सकाळी सात शांततेची वेळ, फोनवर बोलायचं तर कोपऱ्यात नाही, खालच्या मजल्यावर जाऊन. सकाळी स्लीपरमध्ये, म्हणजे खासगी खोल्यांच्या डब्यात, वरच्या एकुलत्या एका संडासासमोर रांग लागते आणि खालचे रिकामे असतात, कारण ते खाली आहेत हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. शॉवरही खालीच आहे. भर सकाळी जाण्यापेक्षा सहाच्या आधी किंवा दुपारी जा, गाडी वळणावर असताना तर नकोच.

तिसऱ्या दिवशी रीनो सकाळी साडेआठच्या आसपास. इथला फलाट रस्त्याच्या पातळीखाली खोदलेल्या चरात आहे, तेव्हा वर शहरात चक्कर मारून येतो म्हणणाऱ्यांनी जिन्याची मिनिटं धरावीत, किंवा जाऊच नये. ट्रकीनंतर सिएरा नेव्हाडाचा चढ. डॉनर सरोवर उजवीकडे, घाट उतरताना अमेरिकन नदीची खोल दरी डावीकडे. लोक सरोवर पाहून झालं की सामान आवरायला जातात आणि दरी हुकते. आवराआवर सॅक्रामेंटोनंतर करा, तिथून एमरीव्हिलला दोन तास तरी लागतात. कॅफे मात्र हिशेब लावायला आधीच बंद होतो, शेवटचं काही घ्यायचं तर सॅक्रामेंटोच्या आधी.

गाडी सॅन फ्रान्सिस्कोला जात नाही, हे काहींना एमरीव्हिलच्या फलाटावर कळतं. तिथून खाडीपलीकडे ॲमट्रॅकची जोड बस जाते. ती हवी असेल तर तिकीट काढताना शेवटचं ठिकाण सॅन फ्रान्सिस्को टाका, म्हणजे बस त्याच आरक्षणात येते आणि गाडीला उशीर झाला तरी पुढची सोय तुमच्या गळ्यात पडत नाही. सामान हातातच मावण्याजोगं असेल तर एक स्टेशन आधी, रिचमंडला उतरून तिथूनच सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणारी बार्टची लोकल धरता येते. चेक-इन केलेली बॅग असेल तर मात्र रिचमंड विसरा.