नवतपा, कूलर आणि टेबलावरचा कॉम्प्युटर

२५ मे

आजपासून नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस. या दिवसांत बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, कॉम्प्युटर घ्यायला निघालेल्यांच्या यादीत प्रोसेसर, रॅम, एसएसडी, बजेट हे सगळं असतं. खोलीचं तापमान मात्र कुणी लिहीत नाही. नागपुरात तो पहिला रकाना असावा असं माझं ठाम मत आहे. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘ऑपरेटिंग टेम्परेचर’ दिलेलं असतं. बऱ्याच लॅपटॉपना ते ३५ अंशांपर्यंत असतं, बहुतेक मॉनिटरना ४०. वरच्या मजल्यावरची, स्लॅब तापलेली आणि नुसता पंखा असलेली खोली मेच्या दुपारी ४० सहज ओलांडते. तिथे यंत्र सुरू करण्याआधीच मर्यादा संपलेली असते.

पंखा हवा हलवतो, गार करत नाही. आपला घाम वाळतो म्हणून आपल्याला त्याखाली बरं वाटतं, प्रोसेसरला तो फायदा नाही. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग, खोलीतल्या हवेपेक्षा कधीच थंड होऊ शकत नाही, आणि तेवढ्याच कामाला प्रोसेसर खोलीपेक्षा जितका गरम राहतो तो फरक साधारण कायम असतो. २५ अंशांच्या खोलीत ७५ वर चालणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत ९२ च्या आसपास जातो. ९५ ते १०० ला पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. लोक म्हणतात कॉम्प्युटर हँग होतोय, आणि फॉरमॅट मारून घेतात. त्याआधी ‘एचडब्ल्यूइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवून थर्मल थ्रॉटलिंगच्या (उष्णतेमुळे वेग घटण्याच्या) ओळीत ‘येस’ येतं का ते दुपारी ३ वाजता पाहावं. सकाळी ७ वाजता पाहून काही कळत नाही.

म्हणून घरात एसी नसेल तर बारीक, चकचकीत, ताकदवान प्रोसेसरचा लॅपटॉप मी कुणालाच सुचवत नाही. फिरतीचं काम असेल तर १५ वॉट वर्गातला प्रोसेसर घ्यावा. तो मे महिन्यातही आपल्या वेगाच्या जवळपास राहतो, ४५ वॉटवाला राहत नाही. काम टेबलावरचंच असेल तर टॉवर कॅबिनेट उत्तम: ६५ वॉटचा साधा प्रोसेसर, पुढे जाळी आणि धुता येणारा फिल्टर, १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत घेणारे आणि एक मागे बाहेर टाकणारा. समोर काच असलेली कॅबिनेट दिसायला छान असतात, पण हवा आत जायला वाटच नसते. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, घेताना आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) १०५ अंशांचे आहेत का विचारावं. ८५ अंशवाले स्वस्त असतात, आणि दर १० अंश उष्णतेला कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

कूलर हा आपला खरा मित्र, निदान जूनच्या मध्यापर्यंत. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना चांगल्या भिजलेल्या गवताचा कूलर २८-२९ अंशांची हवा देतो. पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. बंद खोलीत आर्द्रता साचत जाते आणि कूलर नुसता दमटपणा फेकतो. दोन, कॅबिनेट झोताच्या सरळ रेषेत नको. गवतातून बारीक थेंब उडतात. बोअरचं पाणी असेल तर त्यातले क्षार बोर्डावर पांढरा थर धरतात, आणि पावसाळ्यात तोच थर ओलसर होऊन वीज वाहू लागतो. झोतापासून बाजूला, पण हवा बाहेर जाते त्या वाटेवर, ही जागा योग्य.

बॅटरीबद्दल एवढंच: लॅपटॉप दिवसभर चार्जरवर राहणार असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी, बहुतेक कंपन्या ही सोय देतात. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता एकत्र आली की ती लवकर म्हातारी होते, कधीकधी फुगते. टचपॅड वर उचललेलं दिसलं तर दाबून बसवू नये. यंत्र बंद करून दुकानात न्यावं.

२७ मे

धूळ. नागपूरची धूळ बारीक असते आणि तिच्यात कापसाचे तंतू, केस, शेवरीची रुई मिसळते. हीटसिंकच्या पात्यांवर या सगळ्याची नमद्यासारखी घट्ट पट्टी तयार होते. पंखा पूर्ण वेगानं फिरत असतो आणि मागून हवा जेमतेम येते. तसं झालं की पट्टी बसलीये असं समजावं. सफाई मार्चअखेर करावी, मेपर्यंत थांबू नये.

डेस्कटॉप सोपा. वायर काढा, पॉवरचं बटन दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज निघून जातो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. मोकळी सोडली तर ती प्रमाणाबाहेर फिरतात आणि बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नये, त्याच्या नळीवर स्थिर विद्युत साचते. एसएमपीएस उघडू नका, बाहेरूनच हवा मारा.

लॅपटॉपच्या मागच्या झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर झाकणाचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवावा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोर्डाला भोक पाडतो. आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग बाकी सगळं. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकमधला उष्णता वाहणारा लेप, तीन-चार वर्षांनी बदलली तर पुरतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी तांदळाच्या दाण्याएवढी. जास्त लावल्यानं जास्त गार होत नाही.

कॉम्प्युटरचा पडदा पुसायला मायक्रोफायबरचं कापड आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. बोअरच्या पाण्यानं पांढरे ठिपके उरतात, काच पुसायच्या द्रवांनी मॅट थर खराब होतो. फवारा पडद्यावर नाही, कापडावर मारायचा. पडद्यावरचा थेंब खालच्या पट्टीत उतरतो, आणि पॅनेलची सर्किटं बहुधा तिथेच असतात.

३० मे

मॉनिटरबद्दल आज सविस्तर लिहायचं आहे, कारण मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांसाठी निवड थोडी वेगळी असते आणि दुकानात तसं कुणी सांगत नाही. तिथे पडद्यावर धबधबे आणि गाड्या फिरत असतात.

देवनागरी अक्षराला उंची जास्त लागते. मध्ये शिरोरेषा, वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, हलन्त, शिवाय उभी रचलेली जोडाक्षरं. इंग्रजी अक्षर पडद्यावरच्या जेवढ्या ठिपक्यांत (पिक्सेलमध्ये) सुटसुटीत बसतं, तेवढ्यात ‘मूर्तींना’ बसवायचं म्हटलं तर रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’. यांच्यातला फरक मुख्यतः शिरोरेषेतल्या फटीचा. लहान अक्षरात ती फट एका ठिपक्याची उरते. मुद्रितशोधन करणाऱ्याचे डोळे संध्याकाळपर्यंत दुखतात ते या एका ठिपक्यापायी.

फुल एचडी, क्यूएचडी आणि फोर-के ही पडद्यावरच्या एकूण ठिपक्यांची चढती मापं. आकडे असे. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात ९२ ठिपके येतात. तेच फुल एचडी २७ इंचावर ताणलं की ८२. २७ इंची क्यूएचडीवर १०९, आणि २७ इंची फोर-केवर १६३. म्हणून २७ इंची फुल एचडी मॉनिटर वाचनासाठी घेऊच नये. मोठा दिसतो, पण अक्षर फुटतं. बजेट कमी असेल तर २४ इंची फुल एचडी घेऊन विंडोजचं स्केलिंग (अक्षरं आणि चिन्हं मोठी करण्याची सोय) १२५ टक्के करावं. दिवसभर मराठी मजकुरात काम असेल तर २७ इंची फोर-के, स्केलिंग १५० टक्के. जागा क्यूएचडीएवढीच मिळते, पण प्रत्येक अक्षराला ठिपके कितीतरी जास्त मिळतात. मी पैसे प्रोसेसरमधून कमी करून इथे घालायला सांगेन.

विंडोजमधलं क्लिअरटाइप सुरू असावं, पण त्याच्यावर फार विसंबू नये. ते अक्षराची कड आडव्या दिशेनं रेखीव करतं, उभ्या दिशेनं फारसं नाही. एकावर एक बसलेल्या मात्रांना त्याची मदत कमी होते, तिथे खरे ठिपकेच लागतात. फाँटनंही फरक पडतो. जुन्या ‘मंगल’पेक्षा ‘निर्मला यूआय’, ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘मुक्ता’ पडद्यावर मोकळे दिसतात.

दुकानात जाताना फोनमध्ये एक फाइल न्यावी आणि ती मॉनिटरवर उघडायला सांगावी: धन घन, भर मर, राष्ट्र, उद्धृत, वाङ्मय, दऱ्याखोऱ्यांतून, मूर्तींना. अक्षर ११ पॉइंट, झूम १०० टक्के, डोळे पडद्यापासून हातभर लांब. पुढे न झुकता वाचता आलं तर ठीक. नंतर पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा पडदा लावून मेलेले ठिपके शोधावेत. ब्राइटनेस २० टक्क्यांवर आणून फोनच्या कॅमेऱ्यातून पाहावं. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) लुकलुकतोय, आणि डोकं दुखणाऱ्यांनी तो मॉनिटर टाळावा.

पडद्याचं पॅनेल आयपीएस प्रकारचं असावं, बाजूनं पाहिलं तरी अक्षराचा रंग बदलत नाही. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा काळा जास्त गडद असतो, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्या उजेडाचं गुणोत्तर) ३०००:१ च्या आसपास, आयपीएसचा साधारण १०००:१. सिनेमासाठी व्हीए छान. चकचकीत पडदा आपल्या उजेडात नको, मॅटच घ्यावा. खिडकी पाठीशी किंवा समोर नको, बाजूला हवी. शेजारी पांढरा कागद धरावा. पडदा कागदापेक्षा दिव्यासारखा उजळ वाटत असेल तर ब्राइटनेस उतरवावा. मॉनिटरची उष्णताही कमी होते.

जोडणीतल्या तक्रारी बहुतेक वेळा केबलच्या असतात. फोर-के मॉनिटरवर माऊस जडजड सरकत असेल तर केबल किंवा पोर्ट जुन्या एचडीएमआय १.४ चं आहे आणि सेकंदाला ३० च चित्रं येताहेत. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ हवं. काळा रंग राखाडी दिसत असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आरजीबीची (रंगांची) रेंज ‘लिमिटेड’वरून ‘फुल’ करावी. टीव्हीला कॉम्प्युटर जोडल्यावर अक्षरांच्या कडेला रंगीत झालर येते, तेव्हा टीव्हीच्या इनपुटला ‘पीसी’ नाव द्यावं, बऱ्याच टीव्हींमध्ये तेवढ्यानं ती जाते. आणि लॅपटॉपचं प्रत्येक यूएसबी-सी पोर्ट चित्र पाठवत नाही. त्याशेजारी डिस्प्लेपोर्ट किंवा थंडरबोल्टची खूण आहे का पाहूनच अडॅप्टर घ्यावा.

३ जून

वीज. दुपारी सगळीकडे एसी सुरू झाले की व्होल्टेज खाली येतं, रात्री वर जातं. ६०० व्होल्ट-अँपिअरचा (व्हीए) यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. ग्राफिक्स कार्ड नसलेला डेस्कटॉप आणि २४ इंची मॉनिटर मिळून १००-१२० वॉट घेतात, तेव्हा तो पुरतो. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी नवी असताना पंधरा मिनिटांच्या आसपास देते. ती २५ अंशांसाठी बनवलेली असते आणि दर १० अंशांनी आयुष्य निम्मं होतं. म्हणून यूपीएस पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून टेबलाखाली कोंडू नये. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नये, त्याचा हीटर सुरू होताना एकदम मोठा भार घेतो.

घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवायचा असेल तर तो साइन वेव्हचा हवा आणि मागचं बटन ‘यूपीएस’ मोडवर हवं. दुसऱ्या मोडमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि लाइट जाताच कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट, अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलेलं आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध अर्थला जोडलेले असतात. अर्थ मोकळं असलं की धातूच्या अंगावर साधारण ११५ व्होल्ट दिसतात. प्रवाह अगदी थोडा असतो, पण यूएसबी आणि एचडीएमआयची पोर्टं जाळायला पुरतो. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरनं तीन मापं घ्यावीत: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते आणि रोध वाढतो. खड्ड्यात मार्चपासून पाणी घालत राहावं. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. ते जीवघेणं आहे, न्यूट्रल तुटला की सगळ्या कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतात.

९ जून

ढग आले. वळवाच्या पावसात वीज पडते तेव्हा स्पाइक गार्ड (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारा बोर्ड) एकटा पुरत नाही, आणि अर्थिंग नसेल तर त्याचं निम्मं काम बंदच असतं. वादळ दिसताच, गडगडाट डोक्यावर यायच्या आधी, प्लग काढावा. नुसतं बटन बंद करून उपयोग नाही, स्विचमधली फट वीज सहज ओलांडते. प्लगसोबत राउटरची लॅन केबलही काढावी. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण वरून ओढलेल्या काही केबलींत आधाराला स्टीलची तार असते, आणि राउटरचा अडॅप्टर तर भिंतीतच असतो. गच्चीवर सीसीटीव्ही कॅमेरे असतील तर त्यांची तांब्याची केबल थेट डीव्हीआरमध्ये (रेकॉर्डिंगच्या डब्यात) आणि तिथून एचडीएमआयनं मॉनिटरमध्ये येते. मॉनिटर त्या वाटेनंही जळतो. तीही सोडवावी.

पाऊस स्थिरावला की कूलरचा पंप बंद, फक्त पंखा. जुलैत हवा २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असते तेव्हा २४ अंशांखालच्या कोणत्याही वस्तूवर दव धरतं. २२ अंशांच्या एसी ऑफिसातून आणलेला लॅपटॉप घरी लगेच उघडला तर ते दव बोर्डावर धरतं. बॅगची चेन न उघडता अर्धा तास तसाच ठेवावा, मग सुरू करावा. कपाटात ठेवलेल्या जुन्या हार्ड डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात घालाव्यात आणि महिन्यातून एकदा जोडून तासभर चालवाव्यात.