गोठ्याचं घर: जमीन, लोणा आणि चुना

कर्जत तालुक्यातला गोठा, आतून १८ बाय ३२ फूट, राहायचं घर करायला घेतलेला. दगडी जोतं, विटांच्या भिंती, सागाचे खांब, वर मंगलोरी कौलं. छपराची डागडुजी झाली. आता जमीन आणि भिंतींचा खालचा भाग.

इथे सिमेंट नको. मुरलेल्या मुतातल्या युरियाचं मातीतले जिवाणू नायट्रेट करतात. पूर्वी दारूगोळ्यासाठी सोरा अशाच मातीतून काढत. हे क्षार ओलीबरोबर विटांत चढतात, पृष्ठभागाशी सुकून त्यांचे स्फटिक होतात, हाच लोणा, आणि गिलावा आतून सुटतो. सिमेंटने ओल कोंडली की ती आणखी वर चढते. त्यात कॅल्शियम नायट्रेट हवेतली आर्द्रता पन्नासेक टक्क्यांच्या पुढे गेली की स्वतःच पाणी ओढून घेतं. म्हणून ऑगस्टमध्ये भिंत पाझरल्यासारखी दिसते, दोष कौलांना दिला जातो आणि वॉटरप्रूफिंगचे पैसे वाया जातात.

क्षार कुठे आहेत ते आधी तपासा. क्रॉफर्ड मार्केटात माशांच्या टाक्यांसाठी मिळणाऱ्या नायट्रेटच्या पट्ट्या पुरतात. विटेचा खरवडलेला चमचाभर चुरा अर्धा कप डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळा, निवळू द्या, पट्टी बुडवा. एक नमुना गुडघ्याच्या उंचीवरून, दुसरा दाराच्या चौकटीच्या वरून. नेमका आकडा गौण, फरक बघायचा. गव्हाणीच्या समोरची भिंत, म्हणजे जनावरांच्या शेपटीकडची, बहुधा सर्वात खराब निघते. मुताची चर तिथेच असते.

जमीन दीड फूट खणायची. साडेआठ ब्रासच्या वर (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती निघते. ती भरावाला वापरू नका, शेतात टाका. तिथे ती खतच. जोत्यालगत मात्र सलग चर खणायची नाही. पाया उथळ असतो आणि वर नुसत्या कौलांचंच वजन तीन टनांहून जास्त. चार-चार फुटांचे टप्पे, एक आड एक, भरून झाला की पुढचा.

तळाशी ६ इंच ४० मिमी खडी, तीनेक ब्रास. धुतलेली हवी, कच असली तर बारीक फटींतून ओल वर चढतेच. त्यावर चुन्याचा कोबा, वर शहाबादी फरशी, सांधेही चुन्याचेच. खाली प्लास्टिक अंथरायचा सल्ला सगळे देतात. त्याने जमिनीची ओल कडेला सरकून भिंतींत शिरते.

भिंतीचा जुना गिलावा चार फुटांपर्यंत पाडा, सांधे पाऊण इंच खरवडा, कोरड्या ब्रशने झाडा. धुऊ नका, क्षार परत आत जातात. मग रद्दी कागदाचा लगदा गोड्या पाण्यात कालवून इंचभर जाड थापा. पूर्ण वाळला की सोलून फेका. पट्टीचा रंग उतरेपर्यंत हेच.

गिलाव्याला भिजवून मुरवलेला कळीचा चुना १ भाग, वाळू ३ भाग, बारा मिमीचे दोन थर. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. भिजट भिंतीत ते अडतं. त्यामुळे एप्रिलअखेर हात थांबवा, मृगापर्यंत महिनाभर तरी सुकायला हवा. हा थर बळीचाच समजा. उरलेले क्षार तो शोषेल, भुगा होऊन गळेल, दोन-तीन पावसाळ्यांनी पुन्हा करावा लागेल. तोवर त्यावर ऑइलपेंट किंवा प्लास्टिक इमल्शन लावू नका. चुन्याची सफेदी पुरे.

पुढचं काम खांबांच्या बुडांचं आणि बाहेर पागोळीखाली चर काढण्याचं.