हर्निया, पण तो नव्हे

आधी एक खुलासा, कारण बातमी चोपड्यापासून धुळ्यापर्यंत पोचली आहे. मला हर्निया झालेला नाही. म्हणजे झालाय, पण तो नव्हे.

इथे नेदरलँड्समध्ये मणक्यातली गादी सरकली की सरळ 'हर्निया' म्हणतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बहुतेक हर्निया." मी तेच जसंच्या तसं भावाला फोनवर सांगितलं. आपल्याकडे हर्निया म्हटलं की हात कुठे जातो ते सांगायला नको. संध्याकाळी मामांचा फोन आला, "खोकताना दाबून धर." रात्री शाळेतल्या एका मित्राने ऑपरेशनमध्ये कोणती जाळी बसवून घ्यावी हे कळवलं. दुसऱ्या दिवशी काकूने आईला हळूच विचारलं, "पण एवढा तरुण पोरगा..." मी कंबर धरून हसलो. हसलो आणि ओरडलो, कारण हसलं की कळ थेट करंगळीपर्यंत जाते. पायाच्या.

झालं असं. एक मित्र गावाहून आला, त्याच्या बॅगेतून आईने बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, पाठवले होते. शनिवारी डबा फळीवरून काढताना झाकण खाली पडलं. ते उचलायला वाकलो आणि कमरेत चमक निघाली. पार्श्वभागातून मांडीच्या मागून पोटरीत, पोटरीतून तळव्याच्या बाहेरच्या कडेने, एखादी तार तापवून ओढावी तशी. मी तिथेच गुडघ्यांवर. बिबड्याला वजन ते काय! माझे नाना वीस-पंचवीस किलोचा केळीचा घड खांद्यावर टाकून बांधापर्यंत न्यायचे. त्यांच्या मुलाला डब्याच्या झाकणाने लोळवलं.

आता मुख्य तक्रार. सुट्टीच्या दिवशी इथे दवाखान्यात जाऊन बसता येत नाही, आधी फोन करायचा. फोनवरच्या बाईंनी नाव-गाव झाल्यावर विचारलं, लघवी होते का? शौचावर ताबा आहे का? बसायच्या जागी बधिर वाटतं का? टाचांवर चालून दाखवा... म्हणजे चालून बघा आणि सांगा. मला इतका राग आला! इकडे माझा जीव चाललाय आणि ही बाई लघवीची चौकशी करतेय. सगळ्याला "ठीक आहे, ठीक आहे" म्हटल्यावर निकाल लागला. पॅरासिटामॉल घ्या, सोमवारी तुमच्या डॉक्टरांना फोन करा.

पॅरासिटामॉल. इथे राहणाऱ्या कुठल्याही भारतीयाला हा शब्द उच्चारून बघा. कान दुखला, पॅरासिटामॉल. ताप आला, पॅरासिटामॉल. पोराला तीन दिवस खोकला, पॅरासिटामॉल आणि वाट बघा. एखाद्या दिवशी कुणाचा हात तुटून पडला तर तोही पॅरासिटामॉलसोबत घरी पाठवतील असं आम्ही आपसात म्हणतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावातला डॉक्टरसुद्धा एक इंजेक्शन ठोकतो, दोन रंगाच्या गोळ्या पुडीत बांधून देतो. पेशंटला वाटतं तरी की काहीतरी केलं. सोमवारची वेळ मिळाली, दहा मिनिटांची. उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला, अर्धाही गेला नसेल तर मी किंकाळी फोडली. टाचेच्या वर हातोडीने ठोकून पाहिलं. आणि मग तेच. दिवसातून चार वेळा पॅरासिटामॉल, झोपून राहू नका, चाला.

"एमआरआय?"

"आत्ता गरज नाही."

भाऊ भडकला. "अरे जळगावला ये ना, सकाळी एमआरआय, दुपारी रिपोर्ट, संध्याकाळी सर्जन समोर. तिकडे पैसा घेतात आणि चालायला सांगतात?" त्यावर मी काय करावं? मी डॉक्टरीणबाईंची बाजू घेतली! त्याला सांगितलं की बाबा, काही दुखत नसलेल्या माणसांचा एमआरआय काढला तरी त्यात सरकलेल्या गाद्या सापडतात. बऱ्याचदा बाहेर आलेला भाग शरीर आपोआप जिरवतं. पहिल्या काही आठवड्यांत फोटो काढून उपचार बदलत नाही. आपल्याकडे 'मणक्यात गॅप' हा एकच शब्द ऐकून लोक सहा महिने पट्टा बांधून फिरतात. असं बरंच ऐकवलं. फोन ठेवला आणि बायकोसमोर त्याच बाईंच्या नावाने बोटं मोडली. बायको म्हणाली, "एकदा ठरव, कुणाच्या पक्षात आहेस."

त्या लघवीच्या प्रश्नाचा अर्थ नंतर कळला, तो तेवढा लक्षात ठेवा. कमरेच्या खालच्या टोकाला नसांचा झुबका असतो. तोच दाबला गेला तर लघवी अडते किंवा कळत नाही, बसायची जागा बधिर होते. मग पॅरासिटामॉल नाही आणि सोमवार नाही, त्याच दिवशी इस्पितळ. पाऊल उचलेनासं झालं तरी वाट बघत बसायचं नाही. बाई फोनवर तेच चाळत होत्या.

ऑफिसचं वेगळंच. आजारी आहे एवढंच कळवायचं. काय झालंय हे साहेबाने विचारायचं नाही, कायदाच आहे. वर दोन वर्षांपर्यंत किमान सत्तर टक्के पगार. साहेबाचं एका शब्दाचं उत्तर आलं, "बेटरस्खाप", म्हणजे लवकर बरे व्हा. संपलं. मला आधी भारी वाटलं. तिसऱ्या दिवशी वाटलं, अरे विचार की लेका, मला सांगायचंय! शेजारी मात्र एकदा सूप ठेवून गेली. जिना इतका उभा की धाब्यावर चढायची शिडी परवडली, मी वर, पातेलं खाली.

आणि गावाकडे? निर्गुडीचा पाला, एरंडेल, विटेचा शेक, मेथीचे लाडू, एका वैद्यांचं 'याला गृध्रसी म्हणतात, माणूस गिधाडासारखा चालतो' हे निदान (खरं आहे, मी आरशात पाहिलं). पण सगळ्यांवर कडी आमच्या चुलत वहिनीने केली. ती पायाळू. उसण भरली की अख्खी गल्ली तिच्याकडे पाठ करून उभी राहते आणि ती पायाने तीनदा स्पर्श करते. आईने व्हिडिओ कॉल लावला, वहिनी खुर्चीवर बसली, पदर सावरला आणि पाय थेट मोबाईलच्या कॅमेऱ्याला लावला. स्क्रीनभर टाच. भेगा, जोडवं, सगळं. मी एम.टेक. झालेला माणूस. फोन टेबलावर टेकवला आणि वळून पाठ केली. तीनदा.

तेवढ्यात स्वयंपाकघरात बायकोने लाल मिरचीची फोडणी दिली, मला शिंक आली आणि पुढचं सांगत नाही. "लागू पडस, थांब!" वहिनी म्हणाली.

कॉल संपताना आई तिचं नेहमीचं बोलली, "तठे तुनं कोन शे रे भाऊ?" मी म्हटलं, डॉक्टर आहेत, विमा आहे. ते खरंच आहे. डॉक्टरला भेटायचे वेगळे पैसे पडत नाहीत. फिजिओकडे चिठ्ठीशिवाय जाता येतं, त्याचे मात्र खिशातून. आणि एमआरआय काढला असता तर वर्षाला पहिले ३८५ युरो आपलेच, हे भावाला मुद्दामच सांगितलं नव्हतं.

आता सातवा आठवडा आहे. फिजिओने चालायला लावलं, आधी दारापर्यंत, मग कालव्याच्या पुलापर्यंत, आता अर्धा तास. करंगळी अजून बधिर आहे. खुर्चीत वीस मिनिटांवर बसवत नाही, हे सगळं उभ्याने लिहितोय.

नाना फोनवर सहसा येत नाहीत. परवा आले. त्यांचीही गादी सरकली होती, १९९१ साली, घड वाहतानाच. तेव्हाच्या डॉक्टरांनी महिनाभर लाकडी फळीवर झोपवलं होतं, पायाला विटा लटकवून. केळीची कांदेबाग कापणीला आलेली. घड झाडावर पिकले, व्यापाऱ्याने पडत्या भावाने उचलले. मला तेव्हा एवढंच कळायचं की नानांच्या खोलीत खेळायचं नाही.

मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगत होतो की आता झोपून राहू देत नाहीत. इथेच मास्ट्रिख्टला अभ्यास झाला, १९९९ साली छापून आला. १८३ रुग्ण, निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, निम्म्यांना नाही. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे सारखेच, ८७ टक्के लोक सुधारलेले. झोपून काही फायदा नाही, नाना.

पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला.

"मंग मी महिनाभर कसाले पडेल व्हतू?"

मी म्हटलं, तेव्हा तसंच करायचे, नाना. डॉक्टरांनाही माहीत नव्हतं.

"हां," ते म्हणाले आणि फोन आईकडे दिला.